मॉनिटरच्या गोळ्या

सोमवारी संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी मॉनिटर कपाटाखाली आला, वर बघितलं, अंग आवळून उडीचा पवित्रा घेतला आणि उडी न मारताच चालता झाला. जाताना त्याने कपाटाकडे अशी काही नजर टाकली, की जणू वर चढायची सूचना कपाटानेच केली होती आणि ती याला पसंत पडली नव्हती.

मॉनिटर म्हणजे आमचा बोका. वय तेरा, रंग राखाडी, मिशा पांढऱ्या. रोज संध्याकाळी मी इमारतीतल्या पाच मुलांना आमच्या बाहेरच्या खोलीत शिकवतो. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यावर माणसाला संध्याकाळी पाचला कोणाचा तरी पाढा ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मी फळ्यावर लिहीत असताना पुस्तकांच्या कपाटावरून वर्गावर नजर ठेवायचं काम बोक्याने आपणहून अंगावर घेतलं होतं, म्हणून मुलांनी त्याला मॉनिटर केलं. कोणी बोललं, की वरून शेपूट एकदा खाली लोंबायची. तेवढं पुरायचं. माझ्या छडीलासुद्धा कधी एवढा मान मिळाला नाही, आणि मी छडी कधी वापरली नाही हे त्यामागचं एक कारण असेल.

त्या सोमवारी वर शेपूट नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत वर्ग हाताबाहेर गेला. ही पाच मुलं कोण तेही सांगतो. पहिला आधी-मी. त्याला प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर द्यायचं असतं. दुसरी खाडाखोड. ती बरोबर उत्तर लिहून ते खोडते. मग जुळे भाऊ. ते सतत एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून त्यांचं नाव जोडाक्षर. आणि सगळ्यांत लहान, आठ वर्षांची कशावरून. पृथ्वी गोल आहे असं मी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तिने एकच शब्द उच्चारला, आणि तेच तिचं नाव पडलं.

"सर, मॉनिटर म्हातारा झाला," आधी-मी म्हणाला.

"कशावरून?" कशावरून म्हणाली.

मी म्हटलं, "आपण त्याला डॉक्टरांना दाखवू."

हे मी सहज बोलून गेलो. समोरच्या दारातले कंपाउंडरसाहेब ते ऐकून आत आले. हे गृहस्थ एका डॉक्टरांकडे तीस वर्षं औषधांच्या पुड्या बांधत होते. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, पण साहेबांनी प्रॅक्टिस सोडली नाही. ते खुर्चीत बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मॉनिटरकडे बघून म्हणाले, "वात आहे."

"कशावरून?" खालून आवाज आला.

"चालीवरून. मास्तर, डॉक्टर कशाला? माझ्या कंबरेच्या गोळ्या आहेत घरात. मला अख्खी लागते, याला अर्धी पुरे."

"साहेब, आधी दाखवून तर येऊ," मी म्हटलं.

"बघा बुवा. तीस वर्षांचा अनुभव फुकट देतोय, म्हणून किंमत नाही," असं म्हणून ते चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी मॉनिटरला कपड्यांच्या वेताच्या टोपलीत घातलं, वर टॉवेल बांधला आणि लिफ्टपाशी गेलो. तिथे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांच्यात आणि माझ्यात एक जुनं प्रकरण आहे. त्यांनी एकदा पाण्याच्या टाकीसंबंधी सूचना लावली होती. मी तिच्याखाली लाल शाईने "दहापैकी चार. अक्षर चांगले." एवढंच लिहिलं. हात सवयीचा, त्यात हेतू काही नव्हता. पण माणसाने किती वर्षं मनात ठेवावं?

"सर, लिफ्टमधून जनावर न्यायला कमिटीची परवानगी लागते," ते म्हणाले. "लेखी अर्ज द्या. पुढच्या बैठकीत ठेवतो."

"बैठक कधी?"

"तारीख ठरायची बैठक शनिवारी आहे."

मी जिन्याने निघालो. इथे सांगायला हवं, की माझे स्वतःचे गुडघे गेलेले आहेत. त्यांतही उजवा जास्त. तीन मजले मी एका कठड्याच्या आधाराने उतरलो. टोपलीतून मॉनिटर प्रत्येक पायरीवर निषेध नोंदवत होता, आणि प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी दार उघडून "कोण रडतंय?" असं विचारत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर, "सर, तुम्ही ना? फार दुखतंय का?" असं म्हणून मला पाणी दिलं.

दोन गल्ल्या सोडून जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. खिडकीतल्या कारकुनाने मला चार पानी फॉर्म दिला. तो फॉर्म गाईगुरांसाठी छापलेला होता. मांजरांचा वेगळा छापायचं ठरलं होतं, पण तो अजून यायचा होता. "लागू असेल तेवढं भरा," कारकून म्हणाला. पण रिकामी जागा सोडायची नाही हे मी चाळीस वर्षं हजारो मुलांना बजावत आलोय. ज्या तोंडाने बजावलं ते घेऊन मी अर्धा फॉर्म कसा देणार? मी बाकावर बसून सगळा भरला. शिंगांची संख्या: शून्य. दूध: देत नाही, पितो. शेतीकामास उपयोगी आहे काय: नाही; शिक्षणकार्यात मदत करतो. स्वभाव: अबोल, न्यायी. शेवटी "इतर माहिती" अशी आठ ओळींची जागा होती. तिथे कपाटाची उंची लिहून मी एक छोटी आकृतीही काढली.

कारकुनाने फॉर्म वाचला. मग शेजारच्या कारकुनाला दाखवला. मग दोघे मिळून माझ्याकडे बघत राहिले. पण शिक्का मारला.

आतल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या एखाद्या जुन्या बॅचच्या वाटाव्यात अशा, आणि कामाला अतिशय चोख. त्यांनी मॉनिटरचे पाय हलवून पाहिले, एक्स-रे काढला, रक्त तपासायला घेतलं आणि त्याला काट्यावर ठेवला. सात किलो चारशे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सात किलो चारशेच.

"आजोबा, मागच्या पायांच्या खुब्यांत संधिवात आहे," त्या म्हणाल्या. "मांजरं दुखणं दाखवत नाहीत. फक्त उड्या मारणं बंद करतात. पहिलं म्हणजे वजन उतरवायचं. दुसरं, चढायला पायऱ्या करून द्यायच्या. आणि या सांध्यांच्या गोळ्या. औषध नाही, पूरक आहेत. खरं सांगते, काही मांजरांना फरक पडतो, काहींना अजिबात नाही."

"सुरक्षित आहेत ना?"

"दिवसाला एक दिलीत, तर आहेत. आणि एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. माणसांच्या दुखण्यावरची गोळी याला कधीही द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. आपल्याला उतारा पडतो त्या गोळीने मांजर मरू शकतं."

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांनी तीस गोळ्यांची डबी दिली. चावून खायच्या, माशांच्या वासाच्या, मांजराच्या चेहऱ्याच्या आकाराच्या.

आता पुढे जे झालं, त्याचं मूळ माझ्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे, हे मी आधीच कबूल करतो. मुलांवर जबाबदारी टाकली की मुलं मोठी होतात, असं माझं ठाम मत. म्हणून मी पुठ्ठ्याचा तक्ता केला, वर "मॉनिटरचे औषध" असं लिहिलं, आणि प्रत्येक दिवसाला एकेक मूल नेमलं. गोळी दिली की चांदणी चिकटवायची. डॉक्टरीणबाईंच्या सूचना मी मुलांकडून शुद्धलेखन म्हणून दोनदा लिहून घेतल्या. पाचही वह्यांत "दिवसाला एक" असं सुवाच्य अक्षरात आहे. वह्या माझ्याकडे अजून आहेत.

कंपाउंडरसाहेबांकडून मात्र शुद्धलेखन लिहून घ्यायचं राहिलं.

पहिल्या दिवशी आधी-मीने गोळी दिली. मॉनिटरने हुंगली, चावली, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, की तेरा वर्षं हे लोक ही वस्तू कुठे लपवून बसले होते? मग तो उठला, चार पावलं चालला, आणि चौथ्या पावलाला थोडा लंगडला.

"अरे रे!" आमची सौ. म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो जास्त लंगडला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात पुढचा डावा पाय वर धरून उभा राहिला आणि सौ.कडे बघत राहिला. मी त्याला उचलून मांडीवर घेतला, तर तो इतक्या बारीक आवाजात "म्यां" म्हणाला, की मला त्याचं पिल्लूपण आठवलं. तेरा वर्षांपूर्वी हाच प्राणी माझ्या शाळेच्या पिशवीत, गृहपाठाच्या वह्यांवर झोपून घरी आला होता. तेव्हा तो एका डस्टरएवढा होता.

"गोळी लागू पडत नाहीये," मी सौ.ला म्हटलं.

"पडेल हो. एवढ्यात कसं?" ती म्हणाली, पण तिचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

पाचव्या दिवशी वर्ग सुटल्यावर कशावरून मागे रेंगाळली. "सर, मॉनिटर एकटा असला की लंगडत नाही."

"कशावरून?" मी विचारलं. तिच्यावर तिचाच शब्द टाकायची मला हौस.

"मी दाराआडून बघितलं. तीनदा. कोणी नसलं की नीट चालतो. कोणी आलं की लंगडतो."

मी तिला जवळ घेऊन समजावलं, "बाळ, दुखणं असंच असतं. कधी कमी, कधी जास्त. माझा गुडघा बघ ना." तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. त्याने तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी मी वीजबिलाच्या रांगेत जायच्या घाईत होतो. चपला घालत असताना ती जिन्यात आडवी आली. हातात कंपास पेटी घट्ट धरलेली. "सर, मला एक विचारायचंय."

"नंतर हं, बाळ. संध्याकाळी," मी म्हटलं आणि निघालो. चाळीस वर्षांत मी मुलांना हजार गोष्टी शिकवल्या असतील. त्यांतली सगळ्यांत मोठी म्हणजे प्रश्न मनात ठेवू नका, लगेच विचारा. आणि त्या दिवशी मी एका मुलीला म्हटलं, नंतर.

संध्याकाळी पाचला वर्ग भरला. सव्वापाचला मॉनिटर खोलीच्या मध्यभागी आला, लंगडलाही नाही, आणि खाडाखोडच्या वहीवर उलटी केली. मग दुसऱ्यांदा केली. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. सौ.ने मासा पुढे केला, त्याने मान फिरवली.

मी डबीवरच्या सूचना वाचाव्यात म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यातून डबी घेतली. ती हलकी लागली. उघडली. आत कापसाचा एक बोळा होता आणि बाकी काही नाही.

तीस गोळ्या. आठ दिवस. तक्त्यावर आठ चांदण्या.

मी मुलांकडे वळलो. पाचपैकी चार जण आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते.

"टोपली आण," मी सौ.ला म्हटलं.

माझ्याकडून "कोणी केलं?" हा प्रश्न कधीच येत नाही, हे मुलांना माहीत आहे. तो विचारला की खोटं सुरू होतं. त्या दिवशी तर तो विचारायची माझी छातीच नव्हती. का, ते पुढे येईल.

सगळेच निघाले. मी टोपली घेऊन, सौ. टॉवेल घेऊन, मागे पाच मुलं. आवाज ऐकून कंपाउंडरसाहेब बाहेर आले, काय झालं ते ऐकलं, आणि एक शब्दही न बोलता पायांत चपला अडकवून आमच्यात सामील झाले. कंपाउंडरसाहेब गप्प हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

लिफ्टपाशी सेक्रेटरी. ते तोंड उघडणार, एवढ्यात टोपलीतून मॉनिटरचा आवाज आला. आठ दिवसांपूर्वीचा तो निषेध नव्हता, अगदी लहानसा आवाज होता. सेक्रेटरींनी टोपलीत डोकावलं. मग लिफ्टचं दार स्वतः धरून उभे राहिले. "सर, तुम्ही बाईंना आणि टोपलीला घेऊन जा. मुलांना मी जिन्याने उतरवतो." मी त्यांच्याकडे बघितलं. दहापैकी दहा, मनातल्या मनात.

डॉक्टरीणबाईंनी मॉनिटरला टेबलावर घेतलं, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. "काय दिलंत?"

"त्याच गोळ्या," मी म्हटलं. "पण जास्त. किती, ते आता काढतो." मी भिंतीजवळच्या पाटीपाशी जाऊन खडू घेतला. तिथे लसीकरणाचं वेळापत्रक होतं, ते मी विचारून पुसलं. "मुलांनो, मला रागवायचं नाही. मला फक्त बेरीज हवी आहे. नियमाच्या आठ. पुढे?"

आधी-मीने अर्थातच आधी हात वर केला. "पाच. तो रोज माझ्याकडे लंगडत यायचा, सर."

खाडाखोड म्हणाली, "चार. नाही, दोन. नाही नाही, तीन. तीनच."

जोडाक्षरांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला म्हणाला, "दोन." धाकटा म्हणाला, "दोन." मग दोघे एकदम एकमेकांवर उखडले, "तू पण?"

"अहो," मागून आवाज आला. मी वळलो. सौ. टॉवेलाची घडी घालत होती, आणि टॉवेल आधीच घडी घातलेला होता. "माझ्या तीन लिहा. स्वयंपाकघरात येऊन पाय वर धरायचा हो तो."

मी लिहिलं. आठ, पाच, तीन, चार, तीन. तेवीस.

"डबीत तीस होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सात कुठे?"

मुलं बेरीज पुन्हा करू लागली. आधी-मी बोटांवर, खाडाखोड हवेत. माझ्या हातातला खडू तुटला.

"सर, हातचा राहिला का?" आधी-मीने विचारलं.

हातचा राहिला असं म्हणून मी त्या वेळी सुटलो असतो. पण कशावरून माझ्याकडे बघत होती. खडूचा जो तुकडा हातात राहिला होता, त्याने मी तेवीसखाली सात लिहिलं. "माझ्या," मी म्हटलं. "सात माझ्या. सकाळी सहाला, तुम्ही सगळे झोपेत असताना. मला वाटायचं, एकाने भागत नाहीये. आणि तक्त्यावर चांदणी लावली नाही."

माझ्या आयुष्यात मी इतकं सोपं गणित इतक्या कष्टाने कधी सोडवलं नव्हतं. धाकट्या जोडाक्षराने हळूच येऊन माझ्या हातावर हात ठेवला. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

डॉक्टरीणबाई मात्र थोड्या सैलावल्या. "दिवसाला चार पडल्या म्हणायच्या. पोट बिघडणारच. या गोळ्यांनी सहसा एवढ्यावर भागतं. रक्त पुन्हा तपासते, आज त्याला सलाइन लावू, गोळ्या पंधरा दिवस बंद." मग त्या थांबल्या. "याशिवाय काही दिलंय का कोणी? काहीही?"

दाराजवळ उभे असलेले कंपाउंडरसाहेब एक पाऊल पुढे आले. चष्मा कपाळावर नव्हता, हातात होता.

"मी," ते म्हणाले. "दिली म्हणजे... त्याच्या बशीत ठेवली. अर्धी. माझी कंबरेची."

डॉक्टरीणबाई टेबलाच्या या बाजूला आल्या. "कधी?"

"आज दुपारी. त्याचं ते लंगडणं बघवेना हो. तासाभराने पाहिलं, तर बशी रिकामी."

"गोळीचं नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मदतनीस बाईंना हाक मारली, आणि कपाटातून बाटल्या निघू लागल्या. कंपाउंडरसाहेब भिंतीला टेकले. "तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं पुड्या बांधल्या मी." कोणाला सांगत होते कोण जाणे. सौ.ने माझी बाही धरली. मॉनिटर टेबलावर पडून होता आणि त्याची शेपूट टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, जशी कपाटावरून लोंबायची. पण ती हलत नव्हती.

त्या वेळी खटकन आवाज झाला. कशावरूनने कंपास पेटी उघडली होती.

कर्कटकाच्या शेजारी, खोडरबराला चिकटून, एक अर्धी पांढरी गोळी होती.

"ही आहे," ती म्हणाली. "मी बशीतून काढली. काका ठेवत होते तेव्हा म्हणाले, माणसाला चालते तर मांजराला का नाही चालणार. मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले, अनुभवावरून. पण आपल्या शुद्धलेखनात तसं नव्हतं." तिने माझ्याकडे बघितलं. "मी तुम्हाला विचारायला आले होते, सर. तुम्ही म्हणालात, नंतर."

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने गोळी उचलली, उजेडात धरली, तुटलेली कड नखाने तपासली. "पूर्ण अर्धी आहे. चाटलेलीही नाही." त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि एक लांब श्वास सोडला. कंपाउंडरसाहेबांनी खाली वाकून कशावरूनच्या डोक्यावर हात ठेवला. वाकताना त्यांची कंबर वाजली, ती सगळ्यांनी ऐकली.

मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. बसताना सोपं होतं. उठायला नंतर तिघे लागले. "बाळ, माझं चुकलं," मी म्हटलं. "यापुढे तू विचारलंस की मी थांबेन. रांग गेली तरी चालेल."

"बरं," ती म्हणाली. "मग आता एक विचारू?"

"विचार."

"मॉनिटर कोणत्या पायाने लंगडतो?"

"पुढच्या डाव्या," मी, सौ. आणि चारही मुलं एकदम म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बघितलं. मग एक्स-रे उजेडावर लावला. "संधिवात मागच्या पायांत आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या पायांना काहीही झालेलं नाही."

हे समजायला मोठ्यांना मुलांपेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या दिवशी चौथ्या पावलाला तो खरंच अडखळला असेल. पण "अरे रे" आलं, आणि "अरे रे"च्या मागून गोळी आली. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं, उत्तर तेच. आम्ही जितकं जास्त द्यायचो तितका तो जास्त लंगडायचा, आणि जितका जास्त लंगडायचा तितकं आम्ही जास्त द्यायचो. चाळीस वर्षं मला वाटत होतं, की आमच्या घरात शिकवणारा एकच आहे. मॉनिटरने आठ दिवसांत आठ जणांना एकच धडा शिकवला, आणि सातांनी तो बिनचूक पाठ केला. आठवी फक्त दाराआडून बघत राहिली.

दोन दिवसांनी मॉनिटर घरी आला. सेक्रेटरींनी लिफ्टजवळ नवी सूचना लावली होती: "आजारी जनावरांना लिफ्टमध्ये प्राधान्य." मी खाली काही लिहिलं नाही. पेन खिशात होतं, तरी नाही.

गोळ्यांची नवी डबी पंधरा दिवसांनी आली आणि तिची जबाबदारी कशावरूनकडे गेली. ती रोज झाकण उघडून गोळ्या मोजते, एक देते, पुन्हा मोजते आणि मग चांदणी लावते. मॉनिटर पहिले चार दिवस तिच्यासमोर लंगडून बघत होता. ती त्याला एवढंच म्हणायची, "नाही." पाचव्या दिवशी त्याने नाद सोडला. कंपाउंडरसाहेब स्वतः वही घेऊन आले आणि डॉक्टरीणबाईंच्या सूचना दोनदा लिहून गेले. अक्षर खरंच सुरेख आहे त्यांचं. आणि मुलांनी माझी जुनी पाठ्यपुस्तकं दोरीने बांधून कपाटापर्यंत पायऱ्या केल्या. सर्वांत खाली पहिली, मग दुसरी, चौथी सगळ्यांत वर. "त्याला इयत्तेप्रमाणे चढू दे," खाडाखोड म्हणाली, आणि हे तिने खोडलं नाही.

दीड महिन्याने, एका गुरुवारी, पाच वाजून पाच मिनिटांनी मॉनिटर कपाटाखाली आला. वजन सहा किलो सहाशे. वर बघितलं. पहिलीवर पाय ठेवला. दुसरीवर थांबला, श्वास घेतला. तिसरी. चौथी. मग मागचे पाय जरा जड, पण आपल्या बळावर कपाटावर. तो गोल फिरला, बसला, आणि वर्गावर एक नजर टाकून शेपूट खाली सोडली.

जोडाक्षरं बोलत होती, ती गप्प झाली.

"सर," कशावरून हळूच म्हणाली, "तो गोळीने बरा झाला, की वजनाने, की पायऱ्यांनी?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मला आता पूर्वीपेक्षा सोपं जातं. "शोधू आपण."

मी आनंदात स्वयंपाकघरात गेलो. डॉक्टरांनी माझंही वजन उतरवायला सांगितलंय, त्यामुळे संध्याकाळचा दुसरा चहा आणि त्याबरोबरची बिस्किटं सौ.ने बंद केली आहेत. पण एवढ्या मोठ्या दिवशी? मी दारात जरा टेकलो. सौ. ओट्यापाशी पाठमोरी होती. मी दोन पावलं टाकली आणि तिसऱ्या पावलाला, फार नाही, थोडासाच लंगडलो.

ती वळली. माझ्या पायाकडे बघितलं. मग गॅस पेटवून चहाचं भांडं चढवलं आणि बिस्किटांचा डबा काढला. दोनच बिस्किटं बशीत ठेवून ती बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "घ्या. पण काल उजवा दुखत होता."